१० मीटर एअर पिस्तूल : नवशिक्यांच्या तुकडीच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५ : सुरुवात, कायदा, शिस्त

नवी तुकडी आजपासून. आराखडा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या जिल्हा स्पर्धेपर्यंतचा. प्रकार एकच, १० मीटर एअर पिस्तूल : उभं राहून, एका हातानं, कशाचाही आधार न घेता. पॉइंट टू टू पिस्तूल हातात घ्यायची घाई दर तुकडीत कुणाला तरी असते. त्याला परवाना लागतो, काडतुसं महाग पडतात, आणि आवाज-धक्क्याची धास्ती एकदा बसली की ती काढण्यात महिने जातात. एअर पिस्तुलाला धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे बोटाची प्रत्येक चूक कार्डावर, म्हणजे कागदी टार्गेटवर, उघडी पडते. शिकण्यासाठी यापेक्षा चांगलं हत्यार नाही.

पालकांना पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट : शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. आपल्या पिस्तुलातून ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगानं निघतो, म्हणजे ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपास. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं ठरत नाही. एवढी ऊर्जा डोळा कायमचा घालवते.

शिस्तीला अपवाद नाहीत. नळी कायम टार्गेटच्या दिशेला. पिस्तूल टार्गेटवर उचललं जाईपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. टेबलावर ठेवलेलं पिस्तूल म्हणजे ब्रीच (छर्रा घालायची जागा) उघडं आणि आत नारिंगी सेफ्टी फ्लॅग, लांबून दिसेल असा. कुणी फायरिंग लाइनच्या पुढे गेलं की बाकीच्यांनी पिस्तुलाला हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही. 'स्टॉप' ऐकू आलं की शॉट अर्धवट असला तरी हात खाली. छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवर खाणंपिणं बंद आणि निघताना साबणानं हात धुणं सक्तीचं. चिमटीत छर्रा धरलेल्या बोटांनी शेंगदाणे खाणारी मुलं आम्ही दर तुकडीत पाहतो.

४ जून : हवा

क्लबची पिस्तुलं दाबाखालच्या हवेवर चालणारी, सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचे. भरण्याआधी सिलिंडरवर कोरलेली निर्मितीची तारीख पाहिली. उत्पादक साधारण १० वर्षांची मुदत देतात, मुदत उलटलेला सिलिंडर वापरायचा नाही, स्पर्धेतही तो चालत नाही.

भरताना घाई नको. हवा भराभर आत गेली की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. पंपाला वाळवणीची नळी हवीच, नाहीतर हवेतलं पाणी रेग्युलेटरमध्ये, म्हणजे दाब सारखा ठेवणाऱ्या भागात, जाऊन बसतं. जोडांना मशिनचं तेल लावायचं नाही. दाबाखालच्या हवेत तेलाची वाफ पेट घेऊ शकते. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम लागेल इतकं. ऑक्सिजनच्या बाटलीवरून भरण्याचा विचारसुद्धा करू नये, त्यात स्फोटाचा धोका आहे.

शॉट अचानक सरळ खाली पडू लागले तर आधी काटा पाहावा. दाब रेग्युलेटरच्या मर्यादेखाली गेला की छर्र्याचा वेग पडतो. पोराच्या मनगटाला दोष देण्याआधी ही तपासणी.

७ जून : डोळा आणि चष्मा

प्रत्येकाचा प्रबळ डोळा तपासला. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून टार्गेट पाहायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं टार्गेट खिडकीत टिकतं तो प्रबळ. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली तर अगदी नवख्यानं डाव्या हातानं शिकून पाहावं. सुरुवातीला दोन्ही हात सारखेच अडाणी असतात, बदलायची किंमत आत्ता कमी आहे. ते जमत नसेल तर प्रबळ डोळ्यासमोर पट्टी.

नेम न धरणारा डोळा मिटायचा नाही. मिटला की गालाचे स्नायू ताणतात आणि उघड्या डोळ्याची बाहुलीही बदलते. त्याच्यासमोर पांढुरकी, अर्धपारदर्शक पट्टी लावायची. नियमात पट्टीची रुंदी ३० मिमीपर्यंत.

चष्मेवाल्यांचा नेहमीचा गोंधळ म्हणजे दूरच्या नंबरानं टार्गेट लख्ख आणि फ्रंट साईट (नळीच्या टोकाकडची नेमखूण) पुसट. हवं असतं नेमकं उलट. चाळिशीनंतरच्या नेमबाजांना दूरच्या नंबरात साधारण +०.५ ते +०.७५ मिळवून फायदा होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना खांद्यापासून फ्रंट साईटपर्यंतचं नाही, डोळ्यापासून फ्रंट साईटपर्यंतचं अंतर मोजून न्यायचं.

११ जून : उभं राहणं

उजव्या हाताच्या नेमबाजाचा उजवा पाय टार्गेटकडे, शरीर बरंचसं बाजूला वळलेलं. पायांत खांद्याइतकं अंतर, वजन दोन्ही पायांवर सारखं, गुडघे सरळ पण अडकवलेले नाहीत. डावा हात खिशात किंवा पट्ट्यात. तो लोंबकळता राहिला की शरीर त्याच्याबरोबर डुलतं. मान सरळ, डोकं टार्गेटकडे वळलेलं. पिस्तूल डोळ्यापर्यंत आणायचं, डोकं पिस्तुलाकडे न्यायचं नाही.

मग नैसर्गिक दिशा तपासायची. डोळे मिटून हात उचलायचा, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. साईट टार्गेटच्या डावीकडे असेल तर मागचा पाय, म्हणजे डावा, टार्गेटकडे पाहताना डावीकडे थोडा सरकवायचा. शरीर पुढच्या पायाभोवती फिरतं आणि हात उजवीकडे येतो. उलट असेल तर उलट. नवशिका मनगटानं किंवा खांद्यानं साईट ओढून आणतो. ओढलेला स्नायू दहाव्या शॉटला थकतो आणि हात मूळच्या दिशेला परत जातो. कार्डावर गट आडवा पसरलेला दिसला की आम्ही आधी पायांकडे पाहतो.

बूट सपाट तळाचे, घोटा न झाकणारे. पिस्तूल प्रकारात घोटा झाकणारे बूट नियमानं चालत नाहीत. जाड गादीच्या धावण्याच्या बुटांत शरीर तळाशीच हलतं.

१६ जून : ग्रिप

लाकडी ग्रिप हाताच्या मापाची असली पाहिजे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच ग्रिपच्या वरच्या वळणात घट्ट बसवायची, दर वेळी त्याच जागी. त्यासाठी पिस्तूल डाव्या हातानं नळीकडून धरून उजव्या तळव्यात बसवायचं. टेबलावरून उजव्या हातानं उचललं की पकड प्रत्येक शॉटला वेगळी येते.

दाब मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा, सरळ मागे तळव्याकडे. करंगळी नुसती टेकलेली. अंगठा आडवा, दाब शून्य. तर्जनी ग्रिपच्या लाकडाला कुठेही लागता कामा नये, मध्ये पातळ फट दिसली पाहिजे. लाकूड लागलं की ट्रिगर ओढताना पूर्ण पिस्तूल बाजूला ढकललं जातं. खालची तळपट्टी हाताच्या कडेला टेकेल इतकीच आवळायची. जास्त आवळली की रक्त अडतं आणि बोटाला ट्रिगर कळेनासा होतो.

किती घट्ट धरायचं, हा प्रश्न रोज येतो. हळूहळू आवळत जायचं, हात थरथरू लागला की थरथर थांबेपर्यंत सैल करायचं, तो दाब. दाब जास्त की कमी याहून तो पहिल्या क्षणापासून छर्रा सुटल्यानंतरपर्यंत बदलत नाही ना, हे महत्त्वाचं. मनगट मात्र पक्कं.

२१ जून : साईट, आणि हाताच्या थरथरीबद्दल

या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच. नवशिक्याची पहिली तक्रार ठरलेली असते : हात हलतो. आणि तो सगळी शक्ती हात स्थिर करण्यात घालवतो. हात हलणारच. जागतिक दर्जाच्या नेमबाजाचाही हलतो. प्रश्न असा की त्या हलण्याची किंमत किती.

आज फळ्यावर हिशेब मांडला. १० च्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी. पुढचं प्रत्येक वर्तुळ १६ मिमीनं मोठं : ९ चं २७.५, ८ चं ४३.५, ७ चं ५९.५. काळा भाग ७ च्या वर्तुळापर्यंत, म्हणजे ५९.५ मिमी. छर्र्याची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असला की १०, आणि १६ मिमीच्या आत असला की ९.

आता दोन चुका वेगळ्या करायच्या. पहिली, फ्रंट आणि रिअर साईट (मागची, खाचेची नेमखूण) एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत, पण हातासकट पूर्ण पिस्तूल १५ मिमी बाजूला गेलं. छर्राही १५ मिमीच बाजूला जातो. गुण ९. म्हणजे साईट जुळलेल्या ठेवून हात काळ्या भागाच्या निम्म्या रुंदीत डुलत राहिला तरी ९ च्या खाली काही जात नाही.

दुसरी, हात जागच्या जागी, पण फ्रंट साईट रिअरच्या खाचेत एका बाजूला सरकली. दोन साईटमधलं अंतर ३३० मिमी धरलं तर १० मीटरवर चूक तीसपट होते. फ्रंट साईट १ मिमी सरकली तर छर्रा ३० मिमी सरकतो, गुण ७. अवघी ०.३ मिमी सरकली तरी ९ मिमी, म्हणजे १० गेला. केसाच्या जाडीची चूक कार्डावर मोजता येते.

म्हणून नजर फ्रंट साईटवर, आणि तिथेच. फ्रंट साईटची वरची कड धारदार दिसली पाहिजे, रिअर थोडी पुसट, टार्गेट धूसर काळा ठिपका. टार्गेट स्पष्ट दिसत असेल तर साईट पाहिली जात नाहीये. फ्रंट साईटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची पट्टी सारखी आणि माथे एका पातळीत. पट्ट्या फार अरुंद ठेवल्या तर डोळा त्या मोजत बसतो आणि थकतो. सुरुवातीला प्रत्येक पट्टी फ्रंट साईटच्या रुंदीच्या तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत ठेवतो.

नेम काळ्याच्या मध्यावर धरायचा नाही. काळ्यावर काळी साईट हरवते. काळ्याच्या खाली पांढरी जागा सोडून तिथे धरायचं, काळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. काळ्याला टेकवून धरायला शिकवलं की मुलं तो टेकण्याचा क्षण पकडायला बघतात आणि बोट झटकतात. खाली धरायची ती जागा असते, बिंदू नव्हे. त्या जागेत साईट फिरत राहू दे.

२८ जून : ट्रिगर

स्पर्धेचा नियम : ट्रिगर किमान ५०० ग्रॅम. पहिला टप्पा साधारण ३७५ ग्रॅम, दुसरा सुमारे १५० ग्रॅम, एकूण ५२५ च्या आसपास लावला. अगदी ५०० वर लावलेला ट्रिगर तपासणीच्या टेबलावर वजन उचलत नाही आणि ऐनवेळी स्क्रू फिरवावा लागतो.

बोटाच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर. दाब नळीला समांतर, सरळ मागे. हात टार्गेटवर उतरत असताना पहिला टप्पा घेऊन टाकायचा. साईट जागेत आली की उरलेला दाब वाढवत न्यायचा, न थांबता. शॉट केव्हा सुटेल हे नेमकं ठरवायचं नाही.

बिघडतं ते असं. साईट फिरता फिरता मध्ये येते, चित्र सुंदर दिसतं, मन म्हणतं 'आत्ता'. डोळ्यानं पाहून बोट हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात, तेवढ्यात साईट पुढे गेलेली असते. त्याहून वाईट म्हणजे 'आत्ता' म्हटल्यावर तर्जनी एकटी हलत नाही, सगळी मूठ आवळते. फ्रंट साईट खाली आणि डावीकडे झुकते. ९ देणारी थरथर स्वीकारायची नाही म्हणून १० पकडायला गेलेला माणूस ६ घेऊन परत येतो.

छर्रा सुटल्यावर हात तिथेच, बोट मागेच, नजर साईटवरच, किमान दोन सेकंद. छर्रा नळी सोडण्याआधीच ज्याचा हात खाली यायला निघतो, त्याचे शॉट खाली सांडतात. शिवाय फॉलो थ्रूमध्ये शेवटचं चित्र लक्षात राहतं. शॉट कुठे गेला हे कार्ड पाहण्याआधी सांगायचं, असा नियम आजपासून.

५ जुलै : कोरं कार्ड

तीन सत्रं टार्गेट काढून टाकलं. कार्ड उलटं लावायचं, पांढरी बाजू समोर, आणि मध्यावर अंदाजानं ५ शॉटचा गट. ठिपकाच नसल्यानं नजर आपोआप साईटवर राहते आणि 'आत्ता'चा मोह संपतो. काळ्या टार्गेटपेक्षा कोऱ्या कार्डावरचे गट लहान आले. मुलांना हे पटवून सांगावं लागत नाही, दोन्ही कार्डं शेजारी ठेवली की पुरे.

गट मोजायची पद्धत : सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, वजा ४.५ मिमी. सपाट डोक्याचा छर्रा कागद गोल कापतो, म्हणून मोजणं सोपं. टोकदार किंवा गोल डोक्याचे छर्रे कागद फाडतात, ते या कामाचे नाहीत.

गुण लिहून ठेवणं ऑगस्टपर्यंत बंद. वहीत फक्त गटाचा आकार आणि शॉट आधी सांगितल्याप्रमाणे गेला का, एवढंच.

१२ जुलै : ओलावा

पाऊस लागला की कार्डं मऊ होतात, छिद्रांच्या कडा फाटतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवली. लाकडी ग्रिप फुगते आणि हाताला वेगळी वाटू लागते, लगेच तासायला घेऊ नये, हवा कोरडी झाली की ती पूर्ववत येते. बाहेरचं लोखंड सत्र संपल्यावर किंचित तेलाच्या फडक्यानं, नळीच्या आत तेल नाही, फक्त कोरडे फेल्टचे बोळे. घामट तळव्यांना सुका टॉवेल, दर पाच शॉटनंतर.

१९ जुलै : घरचा सराव

रेंज आठवड्यातून तीन दिवस मिळते. खरी प्रगती उरलेल्या दिवसांत, छर्र्याशिवाय. आपल्या पिस्तुलांना ड्राय फायरची सोय आहे, ट्रिगर चालतो पण हवा सुटत नाही. स्प्रिंगचं पिस्तूल घरी असेल त्यांनी ते रिकामं उडवू नये, पिस्टन आपटून खराब होतो.

घरात १० मीटर सरळ जागा क्वचितच मिळते. ठिपका अंतराच्या प्रमाणात लहान करायचा : ५ मीटरवर ३० मिमी, ३ मीटरवर १८ मिमी. उंचीही बदलते. रेंजवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १४० सेंमी. डोळ्याची उंची १५५ सेंमी असेल तर नजर १० मीटरमध्ये १५ सेंमी उतरते, म्हणून ५ मीटरवर ठिपका १४७.५ सेंमीवर, ३ मीटरवर १५०.५ सेंमीवर. भिंतीवर कुठेही चिकटवला तर हाताला चुकीच्या उंचीची सवय लागते.

रोजचा क्रम वीस ते तीस मिनिटांचा. आधी कोऱ्या भिंतीकडे पंधरा ड्राय शॉट, फक्त फ्रंट साईट हलते का पाहायला. मग ठिपक्यावर पंधरा-वीस, पूर्ण क्रमानं, दोन शॉटमध्ये अर्धा मिनिट विश्रांती. शेवटी होल्ड : पिस्तूल उचलून ३० सेकंद धरायचं, मिनिटभर आराम, असे पाच. खांदा कानाकडे चढू लागला की थांबायचं, त्यापुढचा सराव चुकीच्या स्नायूंचा होतो. पिस्तूल घरी नसलेल्यांनी १ लीटर पाण्याची भरलेली बाटली वापरावी. तिचं वजन पिस्तुलाच्या जवळपास, साधारण किलोभर असतं.

छर्र्यांचा डबा सरावाच्या खोलीत आणायचा नाही. ड्राय फायरचीही दिशा ठरलेली, पलीकडे माणसं वावरतात त्या भिंतीकडे नाही.

२ ऑगस्ट : 'डावीकडे खाली'

उजव्या हाताच्यांचे शॉट डावीकडे खाली जाण्याची साथ आली आहे. कारण बहुतेक वेळा मुठीचं आवळणं. नुसते खाली जात असतील तर मनगट ढिलं पडतंय किंवा फॉलो थ्रू नाही. वर जात असतील तर शॉट सुटण्याच्या क्षणी तळव्याचा खालचा भाग पुढे ढकलला जातोय. उजवीकडे जात असतील तर अंगठ्याचा दाब पाहावा. डाव्या हाताच्यांना हे आरशासारखं उलटं. चुकांचे छापील तक्ते भिंतीवर लावण्याच्या आम्ही विरोधात आहोत. एका शॉटवरून निदान करणारा मुलगा पुढचा शॉट दुरुस्त्या करतच मारतो. निदान दहा शॉटच्या गटावरून, तेही शेजारी उभं राहून हात पाहिल्यावर.

खात्रीची चाचणी : जोडीदार पाठ करून पिस्तूल तयार करतो, कधी छर्रा घालून, कधी ड्राय फायरवर ठेवून, आणि ते नेमबाजाच्या हातात देतो. कोणता शॉट रिकामा हे नेमबाजाला माहीत नसतं. रिकाम्या शॉटला साईट झुकली तर झटका उघड दिसतो, त्यालाही आणि आपल्यालाही. पुढचे दोन दिवस पाचातले चार रिकामे.

९ ऑगस्ट : साईट लावणं

गट स्थिर झाल्यावरच क्लिक फिरवायचे, म्हणून हे इतक्या उशिरा. दहा शॉटच्या गटाचा मध्य काढायचा, तो १० वर आणायचा. सुटून गेलेला एखादा शॉट धरायचा नाही. काही पिस्तुलांवर स्क्रूची खूण 'शॉट जिकडे गेला तिकडे फिरवा' अशा अर्थाची असते, काहींवर 'जिकडे न्यायचाय तिकडे' अशी. पाच क्लिक देऊन पाच शॉट मारले की दोन्ही गोष्टी कळतात, दिशा आणि एका क्लिकला किती मिमी. आकडा पिस्तुलाच्या पेटीत चिकटवून ठेवावा.

छर्र्यांची चाचणीही आज. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी डोक्याचे छर्रे पिस्तूल शिकंज्यात बांधून मारून पाहिले. त्यांतला फरक नवशिक्याच्या गटाच्या मानानं नगण्य आहे. या टप्प्यावर महाग डब्याचे पैसे सरावाच्या जास्त छर्र्यांत घालावेत.

३० ऑगस्ट : शॉट रद्द करणं

साईट जागेत आल्यापासून ४ ते ८ सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. दहाव्या सेकंदापर्यंत सुटला नाही तर हात खाली, पिस्तूल टेबलावर टेकवून पुन्हा पहिल्यापासून. श्वास रोखल्यानं आणि एकटक पाहण्यानं डोळ्यातलं चित्र गोठतं. साईट सरकलेली असते, पण डोळा जुनंच चित्र दाखवत राहतो. म्हणून लांबवलेला वाईट शॉट सुटताना चांगला वाटतो.

नवशिक्याला रद्द करणं कमीपणाचं वाटतं, मागे रांगेत कुणी पाहत असेल तर जास्तच. म्हणून आज मुद्दाम : प्रत्येकी दर चौथा शॉट रद्द करायचा, चांगला असला तरी.

१३ सप्टेंबर : ७५ मिनिटं

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटना ७५ मिनिटं, त्याआधी तयारी आणि सरावाचे शॉट यांसाठी १५ मिनिटं. हिशेबानं एका शॉटला ७५ सेकंद. वेळ भरपूर आहे, पण मुलं पहिले २० शॉट पंधरा मिनिटांत उडवतात आणि चाळीसनंतर खांदा जातो. ठरवलं ते असं : दहा शॉटची सिरीज दहा मिनिटांत, तिसऱ्या सिरीजनंतर चार-पाच मिनिटं खुर्चीवर, पाण्याचे घोट. एवढं करून वाईट शॉटनंतर थांबायला दहा मिनिटं शिल्लक राहतात.

त्या शिलकेचं महत्त्व सांगायला टोकियो ऑलिंपिक पुरेसं आहे. पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल नादुरुस्त झालं, दुरुस्तीत वेळ गेला आणि उरलेले शॉट घाईत मारावे लागले. ५७५ झाले, अंतिम फेरीची रेषा ५७७ वर होती. पॅरिसला २०२४ मध्ये तिनेच ५८० मारून अंतिम फेरी गाठली आणि कांस्यपदक घेतलं. त्याच पॅरिसमध्ये सरबज्योत सिंगचे ५७७ झाले, आठव्या क्रमांकाच्या नेमबाजाचेही ५७७, पण इनर टेन, म्हणजे १० च्या आतल्या छोट्या वर्तुळातले शॉट, १६ विरुद्ध १७. सरबज्योत नववा. मग मनूबरोबर मिश्र सांघिक प्रकारात त्यानं कांस्य मिळवलं. एका इनर टेनसाठी ६० पैकी प्रत्येक शॉट सारखाच मोलाचा.

२७ सप्टेंबर : तपासणीची रंगीत तालीम

पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत. ट्रिगर ५०० ग्रॅमचं वजन उचलतो का ते हवा चालू ठेवून तपासलं. ग्रिप मनगटाला आधार देणारी नको. नेमाच्या हातात घड्याळ, कडं, मनगटपट्टी काही नको. गंडेदोरे बांधलेल्या मुलांनी घरच्यांशी आधीच बोलून ठेवावं, ऐनवेळी टेबलापाशी वाद नको. गाणी ऐकायचे इअरफोन चालत नाहीत, आवाज अडवणारे बोळे चालतात.

स्पर्धेतली खास काळजी : गुणांचे शॉट सुरू झाल्यावर छर्रा न घालता हवा सोडली तर पहिल्यांदा ताकीद, पुढे गुण कापले जातात. ब्रीच बंद करण्याआधी छर्रा डोळ्यानं पाहायचा, ही सवय आजपासून तोंडानं बोलून.

६ ऑक्टोबर : जिल्हा स्पर्धेनंतर

सिरीजवार आकडे पाहिले. जवळजवळ सर्वांची पहिली सिरीज सर्वांत कमी, दुसरीपासून सावरलेली. कारण सरावाच्या शॉटमध्ये दिसतं : त्या १५ मिनिटांत सगळे दहा शोधत बसले, पुढच्या शॉटची लय लावली नाही. पुढच्या वेळी त्या वेळेत आधी पाच मिनिटं ड्राय फायर, मग दहा-बारा शॉट, शेवटचे दोन मिनिटं हात मोकळा.

दुसरी गोष्ट, रद्द करण्याची सवय दबावाखाली टिकली नाही. ६ आणि ५ गेलेले बहुतेक शॉट पंधरा सेकंदांपेक्षा जास्त धरलेले होते, शेजारच्या पालकांच्या मोबाइल चित्रणात ते मोजता येतं. पुढच्या महिन्यात दर शनिवारी ४० शॉट प्रेक्षकांसमोर, मागे कुणी वेळ मोजत उभं.

राज्य स्पर्धेसाठी, म्हणजे कॅप्टन इझिकेल स्मृती स्पर्धेसाठी, कोणाची नावं द्यायची ते परिपत्रकातल्या पात्रतेच्या गुणांवरून ठरवू. राही सरनोबतचं २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं २५ मीटरचं सुवर्ण ऐकून आलेल्या दोन मुलींना २५ मीटरकडे जायचं आहे. तिथे ट्रिगर १००० ग्रॅमचा आणि वेगवान फेरीत प्रत्येक शॉटला ३ सेकंद. त्यांची तयारी आत्ताच एअर पिस्तुलावर करता येईल : हात ४५ अंशांवर खाली, इशाऱ्यावर उचलून ३ सेकंदांत ड्राय शॉट, मध्ये ७ सेकंद, पाच-पाचच्या फेऱ्या. मंगळवारपासून त्यांची लेन वेगळी.